घोड्याला टेन्शन आलंय का? ओळखायचं कसं आणि मोजायचं कसं

ठाणे-नवी मुंबईत घोडा पाळणारे, अर्ध्या शेअरवर घोडा घेणारे नाहीतर पोरांना शनिवार-रविवारी रायडिंगला नेणारे लोक हल्ली बरेच झालेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या लेखी घोड्याच्या दोनच अवस्था असतात, एक म्हणजे मस्ती करतोय आणि दुसरी म्हणजे शांत आहे. मस्ती वाईट, शांत चांगला, विषय संपला. गोची इथेच आहे. घोडा हा वाघ-लांडग्यांनी खाल्ला जाणारा प्राणी, दुखतंय किंवा भीती वाटतेय हे जगाला न दाखवणं त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे कोपऱ्यात गप्प उभा राहणारा घोडा कधीकधी अख्ख्या तबेल्यात सगळ्यात जास्त त्रासलेला निघतो. म्हणून नुसतं बघून 'ठीक दिसतोय' म्हणू नका, मोजा. मोजायला एक वही, मोबाइलचं स्टॉपवॉच, साधा स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर एवढंच लागतं.

आधी वही

घोडा बरा असतानाच मोजायला सुरुवात करायची, हे पहिलं. बिघडल्यावर मोजलेल्या आकड्याला काडीची किंमत नाही कारण तुलना कशाशी करणार? मोठ्या घोड्याची आरामात उभं असतानाची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते असं कुठेही वाचायला मिळेल, बरोबरही आहे ते, पण हा पट्टा केवढा रुंद आहे बघा. ज्याची रोजची नाडी ३० आहे तो एके दिवशी ४२ वर आला तर पुस्तकाप्रमाणे नॉर्मल आणि त्याच्या स्वतःच्या हिशोबाने काहीतरी नक्की बिघडलंय. तेव्हा आपल्या घोड्याचा आपला आकडा काढायचा. एकच वेळ ठरवायची, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक द्यायच्या आधीची सकाळ बेस्ट, पण बादल्यांचा आवाज सुरू व्हायच्या आधी हं, कारण बादली वाजली की सगळे घोडे एक्साइट होतात आणि तुम्ही स्ट्रेस नाही, भूक मोजत बसता. आठवडा-दोन आठवडे रोज लिहायचं, मग आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. आकड्याच्या शेजारी ऊन-पाऊस, काल काम किती झालं, रात्री काही झालं का, हेही लिहायचं.

नाडी कुठे लागते? खालच्या जबड्याच्या हाडावर, गालाचा तो गोल गरगरीत स्नायू जिथे सुरू होतो त्याच्या जरा पुढे, हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की पेन्सिलएवढी एक गुळगुळीत दोरी बोटाखालून सटकते, ती शीर. दोन बोटं हलकेच दाबून धरायची, अंगठा लावायचा नाही, अंगठ्यात आपलीच नाडी लागते. दाबलं जास्त तर ठोका बंद होतो, कमी तर लागतच नाही, पहिले काही दिवस वैताग येतो. स्टेथोस्कोप असेल तर डावीकडे कोपराच्या मागे, पार आत सरकवून. 'लब-डब' मिळून एक ठोका धरायचा, दोन नाही, हे लक्षात न घेतल्याने लोकांचे आकडे डायरेक्ट डबल येतात आणि मग घाबरून फोनाफोनी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा, पंधरा सेकंदांवर भागवू नका, इतक्या हळू नाडीत एक ठोका इकडचा तिकडे झाला तरी चारचा फरक पडतो. आणि हो, चार-पाच ठोक्यांनंतर एखादा ठोका गायबच झाला तर लगेच हबकू नका, फिट घोड्यांमध्ये आरामात असताना हे सर्रास होतं आणि चालवल्यावर जातं. चालवूनही गेलं नाही तर मात्र डॉक्टरांना ऐकवा.

श्वास मिनिटाला ८ ते १६. नाकापुढे हात धरून मोजायचा नाही कारण घोडा हात हुंगायला लागतो आणि आकडा वाढतो, लांब उभं राहून कुशीकडे बघायचं, कूस एकदा आत-बाहेर झाली की एक. अंगाचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, थर्मामीटरला दोरा आणि क्लिप लावून ती शेपटीला अडकवा, नाहीतर थर्मामीटर आत जातो किंवा भुशात हरवतो, दोन्ही वाईट. घोड्याच्या सरळ मागे उभं राहू नका, हे सांगायला लागू नये पण सांगते.

आता हे तिन्ही आकडे नुसते 'काहीतरी चाललंय' एवढंच सांगतात. नाडी भीतीने वाढते, दुखण्याने वाढते, उकाड्याने वाढते आणि शेजारच्या तबेल्यात घोडी माजावर आली तरी वाढते. म्हणून आकड्याच्या जोडीला घोडा वाचायला लागतो.

तोंड वाचा

डोळ्यापासून सुरुवात करा. रिलॅक्स घोड्याचा डोळा गोल, वरची पापणी सैल. ताण आला की डोळ्याच्या वर आतल्या बाजूला त्वचेच्या सुरकुत्या उभ्या राहतात, त्रिकोणी घडी पडल्यासारखी, आणि पांढरं दिसायला लागतं. काही घोड्यांचं पांढरं मुळातच दिसतं, म्हणून परत तेच, आपल्या घोड्याचं रोजचं तोंड माहीत पाहिजे, शांत वेळी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. उघडझापही बघा. २०१९ साली आलेल्या एका अभ्यासात घोड्यांना जरा ताण देऊन पापण्या मोजल्या होत्या, तर ताणात पूर्ण पापणी मिटणं कमी झालं. मिनिटभर व्हिडिओ काढून घरी बसून मोजता येतं, फुकटात.

नाकपुड्या ताणलेल्या, वरून खाली लांबट झालेल्या, जबड्याचा स्नायू कडक, खालचा ओठ आणि हनुवटी आवळून घेतलेली, कान मागे आणि ताठ. २०१४ मध्ये यातूनच घोड्यांसाठी चेहऱ्याचा एक स्केल बनवला गेला, हॉर्स ग्रिमेस स्केल, त्यात सहा गोष्टी बघतात, कान, डोळा मिटून आलेला, डोळ्यावरचा ताण, चावायचे स्नायू, तोंड-हनुवटी आणि नाकपुड्या, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन मार्क, एकूण बारा. तो बनवला दुखणं मोजायला, खच्ची केलेल्या घोड्यांवर, त्यामुळे मार्क जास्त आले तर आधी दुखण्याचा विचार करा, मग टेन्शनचा. पेंगत असताना किंवा खात असताना मार्क देऊ नका, सगळं चुकतं.

आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे मारवाडी आणि काठियावाडी घोडे. त्यांचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडतं, त्यामुळे परदेशी चार्टमधली कानांची चित्रं त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आकार सोडा, कान फिरतोय का ते बघा. बऱ्या घोड्याचे कान सतत कुठे ना कुठे जात असतात, रस्त्यावरचा टेम्पो, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दार मामांची चप्पल, वरून जाणारं विमान. कान दगडासारखे एकाच जागी असले की काहीतरी आहे.

आणि ते जीभ बाहेर काढून चघळणं. रायडिंग शिकवणारे बरेच जण छातीठोक सांगतात, बघा चघळतोय, त्याला समजलं, मानलं त्याने. तसं काही नाही. ताणातून बाहेर येताना तोंड कोरडं पडलेलं असतं तेव्हा घोडे असं करतात, म्हणजे आत्ताच ताण होता एवढंच त्यातून कळतं, शिष्य झाला वगैरे काही नाही.

गप्प घोडा

तळोज्याकडे ज्या तबेल्यात माझं जाणं-येणं आहे तिथे चांदणी म्हणून एक घोडी आहे, लहान पोरांची फेव्हरेट, कारण हलत नाही. पोरं पाठीवर नाचली तरी हलत नाही. मोतद्दार मामा एकदा सहज बोलले, "ताई, ही शांत नाय, ही गेलीये." मी नीट बघितलं, मान पाठीच्या रेषेत सरळ आडवी, पेंगताना असते तशी खाली झुकलेली नाही आणि लक्ष देताना असते तशी वरही नाही, डोळे उघडे पण भिंतीवर, कान स्थिर, माशी डोळ्याच्या कोपऱ्यात बसली तरी पापणी हलवेना. फ्रान्समध्ये रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर काम करणाऱ्या लोकांनी नेमकी हीच पोझ नोंदवलीये, आणि असे घोडे आपल्या खोलीत असताना अचानक समोर आलेला माणूस किंवा अंगाला झालेला स्पर्श यांना बाकीच्यांपेक्षा कमी रिस्पॉन्स देतात असं त्यांना दिसलं.

ही टेस्ट घरच्या घरी होते. रोज वेगवेगळ्या वेळी दहा-बारा पावलांवरून बघा मान कुठे आहे, डोळा कुठे आहे, आणि मग जवळ जाऊन वैरणीची पिशवी वाजवा. झोपलेला घोडा दचकून जागा होतो आणि कान तुमच्याकडे करतो. गेलेला घोडा उशिरा वळतो किंवा वळतच नाही. हे आठवड्यातून एकदाच दिसलं तर सोडून द्या, रोज दिसलं तर कारण शोधा, आणि कारणांच्या यादीत पाठदुखी वर ठेवा. खोगीर घट्ट, मणका दुखतोय आणि रोज पाच-सहा नवशिकी पोरं धपाधप आपटतायत, त्यातून हे होतं.

स्वार असताना काय बघायचं त्याची पण यादी आहे, सू डायसन या ब्रिटिश व्हेटने २०१८ मध्ये मांडलेली, चोवीस वागणुकी, तोंड उघडणं, डोकं झटकणं, शेपूट फिरवणं, मागचा पाय घसटत टाकणं अशा, आणि आठ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच. आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून घरी चहा पीत टिक करत बसायचं, हे मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतं कारण मैदानावर असताना आपलं लक्ष पोराकडे असतं, घोड्याकडे नाही.

लीद, भुसा आणि रात्र

आकड्यांइतकीच माहिती खाली पडलेली असते. घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो, गोळे घट्ट आणि ओलसर. भीती वाटली की थोडी थोडी, पातळ आणि पटापट, ट्रॉलीत चढवताना तर हमखास. लीद बंदच झाली किंवा अगदी कमी झाली तर तो पोटशूळ असू शकतो आणि मग हा लेख बंद करून डॉक्टरांना फोन.

झोप. घोडे उभ्याने झोपतात हे अर्धं खरं आहे, गाढ झोपेसाठी त्यांना दिवसातून थोडा वेळ, अर्धा तास-तासभर तरी, आडवं व्हावंच लागतं, आणि सेफ वाटत नसेल, जागा अरुंद असेल किंवा सांधे दुखत असतील तर ते आडवे होतच नाहीत. मग काही दिवसांनी उभ्या उभ्या पेंगताना पुढचे पाय दुमडतात आणि घोडा गुडघ्यावर येतो. म्हणून पुढच्या पायांच्या गुडघ्यांवर आणि खुरांच्या वरच्या सांध्यांवर पुढच्या बाजूने जखमा दिसल्या की 'कुठेतरी घासलं असेल' म्हणू नका. सकाळी खरारा करताना एका कुशीला आणि आयाळीत भुसा चिकटलाय का बघा, चिकटलाय म्हणजे रात्री आडवा झाला. जुलैत आमच्याकडे फरशीवर पाणी झिरपतं, भुसा दुपारपर्यंत ओला, आणि वहीत लगेच दिसतं की सलग किती सकाळी कुशी स्वच्छ आहेत. स्वच्छ घोडा बघून लोक खुश होतात, मी नाही होत.

दरवाजाची कड दातात धरून वारा ओढणं म्हणजे क्रिबिंग, किंवा दारात उभं राहून डावी-उजवीकडे झुलत राहणं, या सवयी ताणातून लागतात, जास्त करून चारा कमी, एकटेपणा आणि बारा-पंधरा तास बंद खोली यातून. पण लागलेली सवय परिस्थिती सुधारली तरी राहते, त्यामुळे आज क्रिबिंग करतोय म्हणून आज ताण आहे असं गणित नको. प्रमाण वाढलं का तेवढं बघा. आणि गळ्याला पट्टा आवळून क्रिबिंग बंद करणं म्हणजे ताण आतच कोंडणं, माझं मत विचाराल तर नकोच.

लॅब आणि मशीन

कॉर्टिसॉल टेस्ट करून घेऊ का, असं शेअरवाले लोक खूप विचारतात. करा, पण एका आकड्यावर जाऊ नका. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी हे त्याचं रोजचंच आहे, काम केल्यावर वाढतं, उत्साहाने वाढतं. लाळेतलं वीसेक मिनिटांपूर्वीचं सांगतं, लिदेतलं साधारण कालचं, केसांतलं मागच्या काही आठवड्या-महिन्यांचं. म्हणजे काल वरातीत त्रास झाला का हे विचारायचं असेल तर आजची लीद. आणि फार दिवस त्रासात असलेल्या घोड्यांचं कॉर्टिसॉल उलट कमीच सापडलं असेही अभ्यास आहेत, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आला' यावर निवांत व्हायचं नाही.

बेल्ट लावून एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, मोजता येतं, पोलरचे घोड्यांसाठीचे बेल्ट मिळतात, केस ओले करून लावले तरच नीट लागतात. दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहणं चांगलं, ते एकसारखं झालं की ताण. फक्त उभ्या घोड्यावर मोजा, चालत्यावर आकडा बिघडतो. एवढा खर्च करण्याआधी वही महिनाभर तरी भरा असं मी म्हणेन.

पाडवा, वरात आणि आपला दमटपणा

ठाण्यातल्या पाडव्याच्या यात्रेत घोड्यावर बाल शिवाजी असतोच, पुढे-मागे ढोल-ताशा. घोडा देणार असाल किंवा पोराला बसवणार असाल तर निघायच्या आधी, मधल्या थांब्यावर आणि परत आल्यावर अर्ध्या तासाने नाडी घ्या. मिरवणुकीत वाढणारच, बघायचं ते हे की परत आल्यावर किती वेळात खाली येते. अर्ध्या तासात रोजच्या आकड्याजवळ आली तर घोड्याने निभावून नेलं. तासाभराने पण वरच असेल, गवताला तोंड लावत नसेल, तर पुढच्या वर्षी हा घोडा नको. मिरवणुकीत हात रिकामा नसतो, तेव्हा मागच्या मांड्यांमध्ये घाम आहे का, शेपूट ढुंगणाशी घट्ट दाबलीये का आणि लीद किती वेळा टाकली, एवढं बघा. वरातीतल्या घोडीचं पण सेम, फक्त तिथे डीजे आणि फटाके जास्त आणि पाणी पाजायला कोणाला सुचत नाही. तोंडातलं लगामाचं कडं एकदा हात घालून तपासा, काटेरी लगामाला ओझं-गाडी ओढणाऱ्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५ च्या सरकारी नियमांत बंदी आहे तरी अजून दिसतात.

त्याच नियमांत दुपारी बारा ते तीन ३७ अंशांच्या वर कामाला लावायचं नाही असंही आहे. आता आपल्याकडे मे महिन्यात बरेच दिवस ३४ अंश आणि हवा ओल्या टॉवेलसारखी, पारा ३७ ला शिवतही नाही आणि घोड्याचा घाम वाळतही नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं, सो थर्मामीटरकडे बघून 'आज बरंय' म्हणण्यात अर्थ नाही. अशा हवेत काही घोड्यांचा घाम यायचाच बंद होतो, याला अ‍ॅनहायड्रोसिस म्हणतात. कामावरून आलेला घोडा तापलेला, धापा टाकतोय आणि अंग कोरडं, फक्त आयाळीखाली थोडं ओलं, असं दिसलं तर तो स्टॅमिना नाही, आजार आहे. सावलीत आणा, पंखा लावा, अंगभर गार पाणी ओतत राहा आणि ताप मोजत राहा. श्वासाचा आकडा नाडीच्या वर गेला तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

ताण दिसला तर करायचं काय? दुखणं तपासून झालं असेल, म्हणजे दात, पाठ, खूर, खोगीर, तर आधी चारा वाढवा. घोड्याच्या पोटात अ‍ॅसिड चोवीस तास तयार होतं, आणि लाळ मात्र चावतानाच सुटते, त्यामुळे दोन वेळा चंदी आणि मधे सहा-सात तास रिकामी गव्हाण ही अल्सरची रेसिपी आहे. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा तरी पाहिजे, जाळीत भरून टांगला तर पुरतोही जास्त वेळ. मग दुसरा घोडा नजरेला पडेल अशी जागा. मग रोज मोकळं सोडणं, आपल्याकडे जागेची बोंब आहे मान्य, पण दोरीला धरून अर्धा तास गवतावर चरायला नेलं तरी वहीत फरक दिसतो. चांदणीला पोरांच्या बॅचमधून काढून आधी पाठ दाखवली, नवीन खोगीर आलं, शेजारची खोली एका म्हाताऱ्या टट्टूला दिली. आता पिशवी वाजली की कान फिरतात, आणि परवा तिने एका पोराची टोपी खाल्ली, मामा जाम खुश.

डॉक्टर कधी? आराम असताना नाडी ६० च्या वर टिकून राहिली, लीद बंद, सारखं पोटाकडे बघणं, लोळणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, ताप ३८.५ च्या वर, हिरड्या फिकट किंवा दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त, यातलं काहीही एक असेल तर टेन्शन आहे का वगैरे चर्चा नको. घोड्यांचे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच आणि त्यांना यायला वेळ लागतो, नंबर आधीच दारावर लिहून ठेवा, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचाही, आणि फोनवर 'घोडा कसातरी करतोय' असं न सांगता रोजची नाडी किती, आत्ता किती, शेवटची लीद कधी, शेवटचं पाणी कधी, हे चार आकडे वाचून दाखवा.